खानदान कुठाय?

पुंडलीकमामांनी मला जन्मात कधी पेंटर सोडून दुसरी हाक मारली नाही. मी आदिलाबादला फ्लेक्सचं दुकान टाकलं, संगणक आणला, छपाईचं मोठं मशीन आणलं, ब्रश हातात धरून जमाना झाला, तरी मामा पायरीवरूनच ओरडणार, "पेंटर, हायेस का रे?" आत आले की खुर्ची ओढून माझ्या समोर नाही, शेजारी बसणार. का, तर पडद्यावर बोट ठेवून अक्षरं सरकवता यावीत म्हणून. त्यांच्या बोटांना कायम ग्रीस लागलेलं असायचं. तुमचं बोट लावल्यानं अक्षर सरकत नाही मामा, असं मी किती वेळा सांगितलं असेल. मामा म्हणायचे, "तू सरकव ना मंग. मी फकस्त दाखवून राह्यलो."

त्यांचं काम एकच असायचं, त्यांच्या पार्कचा बोर्ड. कागदोपत्री त्याचं नाव सुलोचना फॅमिली पार्क, बायकोच्या नावावर. लोक म्हणायचे मामाचा पारक. भीमपूरच्या रस्त्याला कापसाच्या वावरांच्या मधोमध तो होता. होता कशाला, आहे. एक आकाशपाळणा, सिमेंटच्या हत्तीभोवती फिरणारी एक छोटी रेलगाडी, घोड्यांचं चक्र, घसरगुंड्या, आणि एका हौदात हंसाच्या आकाराच्या नावा. त्यातल्या एका हंसाची मान मोडली होती. मामांनी ती स्वतः बसवली आणि उलटी बसवली, त्यामुळे तो हंस कायम मागे वळून बघत पुढे जायचा. कुणी हसलं की मामा सांगायचे, "तो लेकराईवर ध्यान ठेवते."

आकाशपाळणा मात्र खरा जुना. मामांचं सगळं तरुणपण तो पाळणा बैलगाडीत, मग ट्रकमध्ये घालून जत्रा करण्यात गेलं. पुढे गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांनी चाक आणून स्वतःच्याच वावरात रोवलं. सुलोचनामामी त्या दिवशी म्हणाल्या होत्या, "बाप्पा, थांबलं एकदाचं चाक." मामी पार्कातच मिरचीभज्यांचा गाडा चालवायच्या आणि नवऱ्याबद्दल जे काही खरं होतं ते तिथून गिऱ्हाइकांना सांगायच्या. म्हणजे बघा, मामा स्वतःच्या पाळण्यात कधीच बसले नव्हते. विचारलं तर गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "हलवायानं आपली जिलबी खाऊ नाई." मामी झारा आपटून म्हणायच्या, "काई नाई, भेतेत."

फाटकावर मामा स्वतः बसायचे. जत्रेच्या वेळचं लाकडी स्टूल, कमरेला तिकिटांची पिशवी, आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न: "खानदान कुठाय?" एकटा माणूस आला, दोन मित्र आले, तीन आले, त्यांना आत सोडायचं नाही. बायको, आई, बहीण, लेकरू, कुणीतरी सोबत पाहिजे. एकदा तहसीलचे एक साहेब काहीतरी पाहणी करायला आले. कडक इस्त्री, हातात फाइल. मामांनी विचारलं, "खानदान कुठाय?" साहेब म्हणाले, मी सरकारी कामाला आलोय. मामा म्हणाले, "हाव ना साहेब. पन सरकारले बी खानदान असतेच की." साहेब आधी चिडले, मग का कोण जाणे, हसले. रविवारी बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई घेऊन आले. पाहणी झाली, पण साहेबांची आई रेलगाडीतून उतरायलाच तयार होईना.

लोकांना हा मामांचा विक्षिप्तपणा वाटायचा. मलाही वाटायचा. एकदा बोर्डावर 'फक्त कुटुंबासाठी' ही ओळ मराठी, तेलुगू आणि हिंदीत केवढी मोठी करायची यावरून आमची वादावादी झाली, तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. "जत्रेत पाह्यचो पेंटर. बाया पाळन्यापाशी येयच्या, पैसे हातात धरून. पोट्टे गर्दी करायचे, धक्के मारायचे, शिट्ट्या मारायचे. मंग बाया म्हनायच्या, नको बाप्पा, आमचं डोकं फिरते. अन् वापस जायच्या. डोकं कोनाचंच फिरत नोतं रे. माह्या वावरात मी ठरवलं, बाया पयले बसतीन."

आणि बसायच्या. त्या पार्कात दुपारी गेलं तर आकाशपाळणा सगळा लुगड्यांनी आणि साड्यांनी भरलेला असायचा, आणि बाया अशा खुल्या गळ्यानं ओरडायच्या की रस्त्यावरचे लोक गाड्या थांबवून बघायचे. आसपासच्या गावांत एखादी सासू सुनेला बाजाराला एकटीला सोडत नसे. पण सून म्हणाली, मामाच्या पारकात चालली, की तीच सासू म्हणायची, जा. मामांची खरी कमाई ती होती आणि त्यांना ती पुरती ठाऊक होती.

या कमाईची किंमत मात्र पोरं मोजत होती. मामांची म्हणच होती, "मिशी आली, सुट्टी झाली." जो पोरगा पाळण्यातून लहानपणी पडता पडता वाचला, ज्याला मामांनी कडेवर घेऊन हत्तीवर बसवलं, तो एक दिवस आठवी-दहावीतल्या दोस्तांबरोबर यायचा आणि फाटकावर अडायचा. एकानं रडवेला होऊन विचारलेलं मी ऐकलंय, "मामा, मांगच्या दिवाळीले तं मी आत बसलो होतो!" मामा म्हणाले, "मांगच्या दिवाळीले तू लेकरू होता. आता तू पब्लिक हायेस." मग ही पब्लिक कुंपणापलीकडे कापसाच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून पाळण्याकडे बघत राहायची. मामांना ते दिसायचं. ते स्टूल थोडं फिरवून बसायचे.

अशात त्यांची नात आरती हैदराबादहून व्यवसायाचं शिक्षण घेऊन घरी आली. तोवर मोठ्या हायवेला एक नवा पार्क झाला होता. तिथं पाण्याच्या घसरगुंड्या, डीजे, पावसात नाचायची सोय. मामांकडची गर्दी ओसरायला लागली होती. पाळण्याच्या बेअरिंगा बदलायला झाल्या होत्या, आणि रिकाम्या पाळण्याला बेअरिंग कोण घालणार? आरतीनं आजोबांना माझ्याच दुकानात गाठलं.

"आबा, लेकरं चार वर्षांत मोठी होतात. तुमी मोठं होनं गुन्हा करून टाकला. कुटुंब वर्षातून एकदा येते. कॉलेजची पोरं दर आठवड्याले येतीन, फोटो काढतीन, गावभर दाखवतीन. त्याईच्यासाठी जाहिरात करा."

"एक पोट्टा आला का दहा पोट्टे आनते, हे तुहं खरं हाय," मामा म्हणाले. "पन दहा पोट्टे आले का वीस बाया जातेत. तुह्या कॉलेजात वजाबाकी शिकवतेत का नाई?"

"अन् पारक बंद पडला तर त्या बाया कुठं जातीन?"

मामांनी पडद्यावरच्या एका अक्षरावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "एक रविवार. फकस्त एक."

तो फ्लेक्स माझ्या धंद्यातला सर्वांत अवघड फ्लेक्स. आरतीचा मजकूर होता, 'युवा रविवार! डीजे! फुल धमाल!' ती गेली आणि मामांचा फोन आला, खाली लिही, धमाल शिस्तीत करावी. मी लिहिलं. संध्याकाळी आरतीनं येऊन ते काढायला लावलं. सकाळी मामा मशीनपाशी येऊन उभेच राहिले. शेवटी तो फ्लेक्स छापला गेला तो असा: 'फुल धमाल! (धमाल शिस्तीत करावी.)' कंस माझा.

रविवारी मोटारसायकलींची रांग लागली. भीमपूरची, आदिलाबादची, नदीपलीकडची पोरं, डोळ्यांवर काळे चष्मे, केसांना काय काय लावलेलं. डीजेचे भोंगे हत्तीच्या तोंडाला तोंड देऊन उभे. सगळं जोरात व्हायला हवं होतं, पण फाटकावर मामा होते. खानदान विचारायचं नाही असं कबूल केलं होतं म्हणून त्यांनी दुसरा प्रश्न काढला, "कोनाचा रे तू?" पोरगा सांगायचा. मग मामा मोठ्यानं म्हणायचे, "अरे, तू खंडूचा नातू! खंडू माह्या पाळन्यातून उतरला का धुऱ्यावर जाऊन ओकत होता!" अशी प्रत्येकाची वंशावळ उघडी करून मामांनी त्यांना आत सोडलं. त्यानंतर कोण नाचणार? पोरं खिशात हात घालून हत्तीभोवती उभी राहिली आणि डीजे एकटाच वाजत राहिला.

इथवर आम्ही हसत होतो. मग उन्हं कलताना बाजारहत्नूरचा टेम्पो आला. भाजीपाला पिकवणारं मोठं कुटुंब होतं ते. कापसाची वेचणी सरली की दरवर्षी ते मामांकडे यायचेच. ड्रायव्हरशेजारी सासूबाई, मागे सुना, पोरीबाळी, सगळ्यांनी ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या. टेम्पो थांबला. सासूबाईंनी मोटारसायकली बघितल्या, डीजे ऐकला, पाय खाली ठेवलाच नाही. "हे आपल्या कामाचं नाई राह्यलं," एवढंच म्हणाल्या. मागच्या सुनांपैकी एक पाळण्याकडे बघत होती. तिनं पदर नीट केला आणि मान खाली घातली. टेम्पो वळला.

मामा धोतर हातात धरून त्याच्यामागे पळाले. "अवो बाई, थांबा! बंद करतो! आत्ता बंद करतो!" त्या गुडघ्यांनी किती पळणार? धुरळ्यात उभे राहिले. परत आले ते थेट डीजेपाशी, आणि वायर उपटून टाकली. पोरांतल्या एकानंही कुरकुर केली नाही. एक-एक करून मोटारसायकली निघून गेल्या.

मला त्या दिवशी मामांची फार कीव आली, आणि आरतीचीही. ती हौदाच्या काठावर बसून रडत होती, आणि मामी तिच्या हातात भज्यांची पुडी कोंबत होत्या.

दुसऱ्या दिवशी मामा दुकानात आले. "जुना बोर्ड हाय का रे?" मी काढून दिला. तो गुंडाळून काखेत घेतला, पण निघेनात. म्हणाले, "पोट्ट्याईचे तोंडं पाह्यले का, पेंटर? बिचारे वापस गेले तं कुठं गेले असतीन? त्याईले बी जागा नाई." बायांना जागा द्यायची तर पोरं बाहेर, पोरांना द्यायची तर बाया बाहेर, आणि कुणीच नाही आलं तर पाळणाच बाहेर. मामांना हे कोडं सुटत नव्हतं, आणि ते सोडवलं त्यांनी नाहीच.

सोडवलं अंजनाबाईंनी. ही भीमपूरच्या बाजारात भाजी विकणारी म्हातारी. दोन्ही मुलं लांब शहरात, घरात एकटी. एका रविवारी चार पोरं तिला घेऊन फाटकावर आली. मामांनी विचारलं, खानदान कुठाय? पोरांनी अंजनाबाईंना पुढे केलं, "ही आमची आजी." आजी म्हटल्यावर नियमानं सोडावंच लागलं. पुढच्या रविवारी दुसरी पाच पोरं आली. आजी तीच.

मामांनी स्टुलावरून वर बघितलं. "अंजनाबाई, किती लेकं हायेत तुमाले?"

"देवानं दोनच देल्ले," अंजनाबाई जराही न डगमगता म्हणाल्या, "पन नातू बम देल्ले बाप्पा."

मामा हसू दाबत बाजूला झाले. नंतर मला म्हणाले, "मी काय आधारकार्ड पाह्यतो काय?" खरं म्हणजे ते दिवसभर त्या पोरांवर नजर ठेवून होते. म्हातारीचा हात धरून तिला रेलगाडीत बसवणारी, तिच्या लुगड्यावर आइसक्रीम सांडलं तर पुसणारी, एक शिवी तोंडातून निसटली तर पाठीत धपाटा खाऊन हसणारी ही तीच, फाटकावर अडणारी पोरं होती. बाकावरच्या बायांनीही बघितलं. आजीबरोबर आलेल्या पोरांना बिचकायचं काय, म्हणून त्या बसूनच राहिल्या.

मग काय विचारता! सीमेवरच्या गावांतून आज्यांना मागणी आली. ज्या म्हाताऱ्यांना ओट्यावरून उठ म्हणायला कुणी नव्हतं, त्यांच्या दारात रविवारी मोटारसायकली थांबायला लागल्या. आज्या भावही खायला लागल्या. एक म्हणे, "भजे चारान तं येते." दुसरी म्हणे, "पाळन्यात बसनार नाई, रेलगाडीत बसन, अन् खिडकीपाशी." अंजनाबाई तर फाटक्या जीन्सवाल्यांना घरूनच परत पाठवायच्या. मामी झारा हलवत म्हणायच्या, "या वयात मागनी यायले बी नशीब लागते."

आणि एका रविवारी व्हायचं ते झालं. रेलगाडीच्या एका डब्यातून एक पोरगा उसनी आजी घेऊन उतरला, आणि समोरून त्याची सख्खी आजी दुसऱ्याच पोरांबरोबर चढायला आली. दोघं समोरासमोर.

"मेल्या! घरी मी असताना लोकाची आजी आनली?"

"तू बी तं लोकाचे नातू आनले!"

"त्याईनं मले इचारलं तरी! तू इचारलं होतं का कवा?"

सगळा पार्क ऐकत होता. मामा फाटक सोडून लंगडत आले, दोन्ही आज्यांना आणि झाडून सगळ्या नातवांना एकाच डब्यात कोंबलं आणि गाडी सोडायला सांगितली. हत्तीला वळसा घालून गाडी परत आली तोवर सख्खी आजी नातवाच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती आणि उसनी आजी दोघांना शेंगदाणे सोलून देत होती.

त्या सोमवारी मामा आले, खुर्ची शेजारी ओढली आणि मजकूर सांगितला: 'तरुणांनी अवश्य यावे. सोबत आजी आणावी. आजीला तिकीट नाही.' आरती मागे उभी होती. तिनं दोनदा वाचलं. कॉलेजात जे काही शिकली असेल ते तिच्या चेहऱ्यावरून जाताना दिसलं, मग ती पोट धरून हसली. या वेळी तिनं एक अक्षरही काढलं नाही. बोर्डाचा फोटो तिनं मोबाइलवर टाकला आणि तो कुठल्या कुठे पोचला. हायवेवरच्या पार्कात डीजे असेल, पण आज्या नव्हत्या.

पुढच्या वेचणीनंतर बाजारहत्नूरचा टेम्पोही आला. सासूबाईंनी बसूनच विचारलं, "हे पोट्टे कोन व्हय?" फाटकापाशी अंजनाबाई होत्या. म्हणाल्या, "माहेच हायेत." सासूबाई उतरल्या. मामा त्या दिवशी तिकिटं फाडायचंच विसरले.

मामा जाऊन आता वर्ष होईल. माझी त्यांची शेवटची भेट झाली ती उन्हाळ्याच्या तोंडी, मी नव्या बोर्डाची मापं घ्यायला गेलो तेव्हा. फाटकाचं स्टूल आरतीकडे आलं होतं, आणि मामा बाहेर लिंबाखाली बाजेवर बसलेले असायचे. नजर कमी झाली होती. नदीपलीकडची चार पोरं फाटकावर आरतीशी घासाघीस करत होती. त्यांच्याकडे आजी नव्हती. सगळ्या आज्या लग्नाला गेल्या, असं सांगत होती. आणि आरती, जिनं याच पोरांसाठी आजोबांशी भांडण केलं होतं, ती म्हणत होती, "आजी नाई तं इजाजत नाई." तंतोतंत मामांचा आवाज.

"आरती," लिंबाखालून मामा म्हणाले, "बोर्डावर आजा चालत नाई असं लिवलं हाय काय?"

आरतीनं माझ्याकडे बघितलं, मी बोर्डाकडे. "नाई आबा."

"मंग सर बाजूले." मामा उठले, धोतर झटकलं, पोरांकडे वळले. "कोनाचे रे तुमी?" पोरांनी बापांची, आजोबांची नावं सांगितली. मामांना एकही ओळखता आलं नाही. असं मी प्रथमच बघितलं. तरी म्हणाले, "चालते. आता माहे."

पोरं त्यांना दंडाला धरून आत घेऊन गेली, आणि पोरांना काय ठाऊक, ती सरळ आकाशपाळण्याकडे गेली. मी आणि आरती मागून धावलो. मामा नाही म्हणतील असं वाटलं. पण नातवांसमोर नाही कसं म्हणणार? बसले. दोन्हीकडच्या पोरांच्या बाह्या मुठीत घट्ट धरल्या. चाक उचललं तसे त्यांनी डोळे मिटले, आणि अगदी वर गेल्यावर ओरडले. इतकी वर्षं खाली उभं राहून बायांचं ओरडणं ऐकलं होतं, अगदी तसंच, खुल्या गळ्यानं. आजूबाजूच्या पाळण्यांतल्या बाया हसायला लागल्या. मामी झारा तसाच हातात घेऊन खाली येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडात शिव्या.

पाळणा खाली आला. मामांनी डोळे उघडले, पण बाह्या सोडल्या नाहीत.

"उतरा आता!" मामी ओरडल्या. "या वयात वर जाऊन काई झालं म्हंजे? कोन हाय तुमच्या संगं?"

"खानदान हाय ना," मामा म्हणाले आणि चाक चालवणाऱ्याला हात केला. "सोड रे, अजून एक फेरा."

चाक पुन्हा वर गेलं.